आधी काडी, मग गॅस

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. दुपारची ओपीडी आटोपत आली असताना दोन मुले तिसऱ्याला धरून आत आली. तिसऱ्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत टूथपेस्ट फासलेली. भुवया जळून आखडल्या होत्या आणि खोलीभर केस जळाल्याचा वास पसरला होता. मुलगा बारावीचा, धनजच्या आसपासच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातला. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा सराव चालू होता.

"कॉक अगोदरच उघडला होता जी मॅडम," सोबतचा मुलगा सांगत होता. "काडी पेटतच नव्हती. एक मोडली, दुसरी इझली. तिसरी पेटली अन् भक्कन झालं."

तीन काड्यांचा वेळ म्हणजे फार तर अर्धा मिनिट. तेवढ्या वेळात बर्नरभोवती गॅस साचला आणि तिसऱ्या काडीने तो सगळा एकदम पेटला. हात अडीच आठवड्यांत बरा झाला. डोळे वाचले ते निव्वळ त्याला नंबरचा चष्मा होता म्हणून. प्रयोगशाळेने दिलेला चष्मा नव्हे, त्याचा स्वतःचा.

ड्रेसिंगसाठी तो पाच-सहा वेळा आला. एकदा मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटले, डाव्या हाताने जमेल तसा बर्नर काढून दाखव. त्याने काढला. तळ, गॅसची नळी, बारीक छिद्र, हवेचे कडे, सगळी नावे बरोबर. निळी ज्योत म्हणजे पूर्ण ज्वलन, पिवळी म्हणजे अपूर्ण, हेही पाठ. मग विचारले, स्वतः किती वेळा पेटवलास? तो जरा वेळ गप्प राहिला. "यावेळी पहिल्यांदाच."

सरांना मी दोष देणार नाही. एका शिक्षकाकडे चाळीस मुलांची तुकडी, सिलिंडर एक आणि बर्नर तीन-चार, त्यातलेही एखाद-दोन चालू. अशा ठिकाणी सर स्वतःच बर्नर पेटवतात, मुले लांबून बघतात आणि जर्नल पूर्ण होते. पण मग परीक्षेच्या तोंडावर मुलगा पहिल्यांदा आगपेटी हातात घेतो, आणि नेमके तेव्हाच सर दुसऱ्या टेबलाशी असतात. भीतीपोटी मुलांना ज्योतीपासून दूर ठेवणे म्हणजे सुरक्षितता, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या टेबलावर आलेला तो हात पाहिला तर उलटेच वाटते.

हा बर्नर तसा फार साधे यंत्र आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन यांच्यासाठी १८५५ मध्ये नवी प्रयोगशाळा बांधली गेली, आणि तिथले कारागीर पीटर डेसागा यांनी त्यांच्या कल्पनेवरून तो घडवला. बुन्सेन यांनी पेटंट घेतले नाही. त्यांच्याबद्दलची आणखी एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला सांगावीशी वाटते. तरुणपणी आर्सेनिकच्या एका संयुगावर काम करताना स्फोट झाला आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. ज्याच्या नावाचा बर्नर जगभरच्या शाळांत आहे, तो माणूस एका डोळ्याचा होता. चष्मा घालायला कंटाळा करणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

बुन्सेन यांच्या डोक्यातली मुख्य गोष्ट अशी की गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची. तळाशी बारीक छिद्रातून गॅस जोराने वर येतो, येताना बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो, दोन्ही नळीत मिसळतात आणि वर तोंडाशी जळतात. भोकांवर एक कडे असते. ते फिरवले की भोके उघडतात किंवा झाकतात.

भोके झाकली तर गॅसला फक्त बाहेरची हवा मिळते. कार्बनचे कण पूर्ण न जळता तापून चमकतात म्हणून ज्योत पिवळी दिसते, डुलते, आणि तिच्यावर धरलेली परीक्षानळी काळी होते. भोके उघडली की ज्योत निळी होते, आत एक फिकट निळा सुळका दिसतो आणि हलका घोंघावता आवाज येतो. सगळ्यात जास्त उष्णता त्या आतल्या सुळक्याच्या टोकाच्या जरा वर असते, सुमारे १५०० अंश सेल्सिअस. सुळक्याच्या आत मात्र न जळलेला गॅस असतो आणि तिथे उष्णता कमी. बांबूची पातळ काडी नळीच्या तोंडाजवळ आडवी धरून दोन क्षणांत बाहेर काढा. दोन्ही बाजूंना काळे डाग पडतात आणि मधला भाग कोरा राहतो. या एका खेळाने मुलांना जे कळते ते पानभर व्याख्येने कळत नाही.

आता पेटवण्याचा क्रम. आधी रबराची नळी पाहायची. वाकवून बघावी, भेगा दिसतात का, दोन्ही टोके घट्ट बसली आहेत का. शंका आली तर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले की गळती आहे. काडी लावून गळती शोधणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांतले काही वॉर्डात. मग कडे फिरवून हवेची भोके बंद करायची. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, बाह्या वर. सिंथेटिक ओढणी नुसती जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. ती सोडवताना आम्हालाही घाम फुटतो. जवळ स्पिरिटची, ॲसिटोनची किंवा ईथरची बाटली नाही हे बघायचे. यांची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत जाते. त्यानंतर काडी पेटवायची, चेहरा बाजूला ठेवून ती नळीच्या तोंडाच्या कडेला आणायची, आणि मगच दुसऱ्या हाताने कॉक हळू उघडायचा. काडी विझली तर कॉक लगेच बंद. गॅस विरेपर्यंत थांबायचे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

पिवळी ज्योत स्थिर झाली की कडे थोडे थोडे उघडत निळी करायची. इथे मुलांचा एक गोंधळ नेहमी होतो. ज्योत मोठी वाटली की ते कडे फिरवतात आणि पिवळी वाटली की कॉक. ज्योतीची उंची कॉकने ठरते आणि रंग कड्याने. दोन कामे, दोन हात. काम थांबवून टेबलापासून हलायचे असेल, तर कडे बंद करून ज्योत पिवळी ठेवावी किंवा सरळ विझवावी. निळी ज्योत खिडकीतून येणाऱ्या उन्हात दिसतच नाही. न दिसणाऱ्या ज्योतीवरून हात नेलेले रुग्ण वर्षाला एक-दोन तरी येतात.

कधी कधी ज्योत नळीच्या आत उतरते. हवा जास्त झाली आणि गॅसचा जोर कमी पडला की असे होते. मिश्रण वर सरकण्याच्या वेगापेक्षा ज्योतीचा खाली धावण्याचा वेग वाढतो, आणि ती तळातल्या छिद्राशी जाऊन जळू लागते. आवाज बदलतो, शिट्टीसारखा बारीक होतो. तोंडाशी ज्योत नीट दिसत नाही, म्हणून मूल "विझला वाटते" म्हणत नळीला हात लावते. पितळेची नळी तोवर सणसणीत तापलेली असते. रबराची नळीही तळाशी वितळू शकते. अशा वेळी बर्नरला हात न लावता आधी गॅस बंद करायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा, हवेची भोके झाकायची आणि मग पुन्हा पेटवायचा.

आमच्या कॉलेजच्या काळात पेट्रोल गॅसचा प्लांट असे, आता बहुतेक ठिकाणी एलपीजी आहे. हा बदल प्रयोगशाळांनी नीट ध्यानात घेतलेला नाही असे मला वाटते. बुन्सेन यांचा बर्नर कोळशाच्या गॅससाठी होता आणि त्या गॅसच्या एका भागाला चार-पाच भाग हवा पुरत असे. एलपीजीतल्या प्रोपेनला सुमारे चोवीस भाग लागते आणि ब्यूटेनला तीसच्या वर. म्हणजे एलपीजीसाठी छिद्र बारीक हवे. दुसऱ्या गॅससाठी बनलेला जुना बर्नर एलपीजीला जोडला की कडे पूर्ण उघडूनही ज्योत उंच आणि पिवळीच राहते. मग कोणी सुईने छिद्र मोठे करतो आणि प्रकरण आणखी बिघडते. बर्नर घेताना तो कोणत्या गॅससाठी आहे एवढे विचारले तरी पुरे.

दुसरे म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर छताकडे जात नाही, टेबलाखाली आणि कोपऱ्यात साचतो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. ज्योत वाऱ्याने हलते म्हणून दारे-खिडक्या लावून प्रात्यक्षिक घेण्याची जी पद्धत आहे, ती सोडायला हवी. वास आला तर पंख्याचे किंवा दिव्याचे बटण दाबू नये, चालू असेल ते चालू आणि बंद असेल ते बंद राहू द्यावे. रेग्युलेटर बंद करून दारे उघडायची आणि मुलांना बाहेर काढायचे. गॅस गळतीसाठी १९०६ हा फोन नंबर आहे. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

हे सगळे शाळेपुरते आहे असे कोणाला वाटेल. पण तेच मूल पुढे डीएमएलटी करून कुठल्या तरी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत येते, आणि तिथे ज्योतीचे काम वेगळे असते. क्षयरोगाच्या तपासणीत थुंकीचा थर काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि ती ज्योतीवरून तीन-चार वेळा झटकन फिरवतात, म्हणजे थर पक्का बसतो. मग झील-नील्सन पद्धतीत लाल रंग ओतून खालून उष्णता देतात, वाफ येईल पण उकळणार नाही इतकीच. उकळला तर रंग काचेवर सुकून बसतो आणि जंतू शोधणे मुश्कील होते. थर करपला तरी तेच. ज्योत ताब्यात नसेल तर रिपोर्ट चुकतो, आणि चुकलेला रिपोर्ट म्हणजे खोकणारा माणूस औषधाविना घरी परत. आता अनेक ठिकाणी सीबीनॅट आणि ट्रूनॅटची यंत्रे आली आहेत, पण काचपट्टी अजून गेलेली नाही.

जंतूंची वाढ घेणाऱ्या प्रयोगशाळेत तारेची कडी ज्योतीत लाल करून निर्जंतुक करतात. नवशिका ओली कडी थेट निळ्या ज्योतीच्या टोकात खुपसतो. ती तडतडते आणि न मेलेल्या जंतूंचे तुषार त्याच्याच तोंडासमोर उडतात. कडी आधी ज्योतीच्या खालच्या, कमी तापलेल्या भागात धरून वाळवायची आणि मग हळूहळू वर नेऊन तार लाल करायची. क्षयरोगासारख्या जंतूंसाठी तर उघडी ज्योत टाळून विजेवर तापणारे उपकरण किंवा एकदाच वापरायची प्लास्टिकची कडी बरी. जैवसुरक्षा कपाटात तर ज्योत नकोच, तिच्या उष्णतेने हवेचा झोत विस्कटतो.

नीट निर्जंतुक न केलेल्या एका चिमट्याची गोष्ट आपल्याच मुंबईच्या एका संस्थेशी जोडलेली आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ती दिली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्यांना काही झाले नाही. चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना निलंबित केले गेले. नंतर पुरावा पुन्हा तपासला तेव्हा दिसले की बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढले होते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. उकळत्या पाण्यातही ते बराच वेळ तग धरतात आणि सौम्य कार्बोलिकला दाद देत नाहीत. लालबुंद होईपर्यंत ज्योतीत धरलेल्या चिमट्यावर ते टिकत नाहीत.

ज्या शाळांत गॅस नाही तिथे स्पिरिटचा दिवा असतो, आणि तो निरुपद्रवी आहे असे सगळे मानतात. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ अदृश्य असते. दिवा विझला समजून वरून स्पिरिट ओतले की ज्योत धारेवरून उलटी बाटलीकडे झेपावते आणि समोर उभ्या मुलांच्या अंगावर पेटते स्पिरिट उडते. दिवा फुंकून विझवू नये, टोपण घालून विझवावा. थंड झाल्यावरच भरावा आणि भरताना बाटलीचे काम एकट्या शिक्षकांनी करावे. कोरोनापासून हाताला सॅनिटायझर चोळायची सवय लागली आहे, तेही अल्कोहोलच. हात पूर्ण कोरडे झाल्याखेरीज आगपेटीला हात नको.

आणि भाजलेच तर? टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कच्चा बटाटा, यांतले काही नको. हे सगळे धुऊन काढताना रुग्णाला जो त्रास होतो तो भाजण्यापेक्षा कमी नसतो, आणि जखम किती खोल आहे हे आम्हाला दिसत नाही. भाजलेला भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, वीस मिनिटे. दोन मिनिटांत आग कमी वाटते म्हणून सोडायचे नाही. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्याने ओतत राहावे. बर्फ नको. अंगठी, कडे, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखान्यात आणावे. कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे किंवा जाड सुती चादरीत गुंडाळायचे. चेहरा, डोळे, हाताचा पंजा किंवा गुप्तांग भाजले असेल तर भाग लहान दिसला तरी थांबू नये.

घरच्या शेगडीतही हाच बर्नर आहे, आडवा ठेवलेला. भांड्याचे बूड काळे होत असेल तर भोकांत उतू गेलेले दूध अडकले असेल किंवा हवेची झडप बिघडली असेल. ते साफ करून घ्यावे, गॅसही वाचतो. अपूर्ण जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे बेशुद्ध पडतात ती यामुळेच.

शाळा समित्यांकडे माझे मागणे लहान आहे. एलपीजीला चालणारे बर्नर, दर्जेदार नळी आणि ती ठराविक मुदतीने बदलणे, वाळूची बादली, जाड सुती चादर, पाण्याची भरलेली टाकी, पुरेसे चष्मे. एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा हा खर्च जास्त नाही. आणि बर्नरला हात लावण्याआधी प्रत्येक मुलासाठी अर्धा तास, ज्यात तो स्वतः तो पेटवेल, निळा करेल आणि विझवेल.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर त्याच महाविद्यालयाच्या सरांनी मला बोलावले. अकरावीची मुले होती. खराट्याच्या काड्या घेऊन आम्ही ज्योतीचा कोरा भाग शोधला. नंतर एकेक जण पेटवायला पुढे आला. बारावीचा तो मुलगाही कुठून तरी कळून आला होता आणि दाराशी उभा होता. भुवया आल्या होत्या, हाताची कातडी अजून गुलाबी. आधी नको म्हणाला. सगळ्यांचे झाल्यावर पुढे आला, चष्मा नीट केला, काडी ओढून नळीच्या कडेला धरली आणि डाव्या हाताने कॉक उघडला. सरांनी हा अर्धा तास यंदापासून वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला ठेवला आहे.